कातळावर एकटा

पिंपळगाव बसवंतच्या कांदा मार्केटमधून सातमाळा डोंगररांगेकडे जायचे दोन रस्ते आहेत. एक वणीमार्गे नांदुरीला, म्हणजे सप्तशृंगगडाच्या पायथ्याला जातो. दुसरा मुंबई-आग्रा महामार्गाने वडाळीभोईवरून चांदवडकडे. या दुसऱ्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला सातमाळा सोबत करतो. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजदेहेर, इंद्राई, चांदवड अशी ही पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी ओळ. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, द्राक्षबागांची छाटणी उरकलेली असते आणि समोरचे डोंगर गवत वाळून पिवळे-तपकिरी झालेले असतात. पावसाळ्यात हिरवाईखाली लपलेला एकेक थर, एकेक भेग या दिवसांत उघडी दिसते. कातळ कळून घ्यायचा तर हाच मोसम.

याच मोसमात सातमाळ्यातल्या एका शिखरावर दरवर्षी एक माणूस चढतो. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव भरतो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून खानदेशातले भाविक रणरणत्या उन्हात दिवसेंदिवस चालत गडावर येतात. उत्सवाच्या अखेरीस, चैत्र शुद्ध चतुर्दशीच्या मध्यरात्री, देवीच्या मंदिराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या शिखरावर भगवा कीर्तिध्वज लागतो. हा मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याचा. मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत आणि 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. मंदिराच्या वरच्या शिखरावर मात्र मळलेली वाट नाही. घराण्यातला मानकरी ध्वज, काठी आणि पूजेचं साहित्य घेऊन रात्रीच्या वेळी वर जातो, आणि पहाटे खालून पाहणाऱ्यांना ध्वज फडकताना दिसतो. शारदीय नवरात्राच्या शेवटीही हेच होतं.

भाविकाच्या दृष्टीने ही देवीची कृपा आहे. त्या श्रद्धेला धक्का न लावता दुसऱ्या अंगानेही या घटनेकडे पाहता येतं. उन्हाळ्यात, उघड्या कातळावर एकट्या माणसाने चढायचं तर त्याला काय काय ठाऊक असावं लागतं? खडक ठाऊक हवा, ऊन ठाऊक हवं, स्वतःचं शरीर ठाऊक हवं. आणि या सगळ्याच्या आधी हेही पाहायला हवं, की हे ज्ञान त्याच्यापर्यंत आलं कुठून. गवळी घराण्यातला माणूस चढताना एकटा असतो, पण वाट त्याने एकट्याने शोधलेली नसते. ती पिढ्यांनी चालून ठरवलेली असते. या प्रकरणात आपण सातमाळ्यातल्या कातळाची जी ओळख करून घेणार आहोत, तिचं सूत्र हेच आहे.

डोंगर कसा रचला गेला

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. चित्रातल्या ज्वालामुखीसारखा एखादा शंकू फुटला असं झालं नाही. लाव्हा भेगांतून वर आला, पसरला, थिजला, आणि काही काळाने त्याच्यावर नवा लाव्हा पसरला. असे थरावर थर साचत गेले. आज उरलेलं दख्खनचं बेसॉल्टी पठार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचं आहे आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यावर वसला आहे.

गिर्यारोहकाच्या कामाची गोष्ट अशी, की हे थर एकसारखे नाहीत. लाव्ह्याच्या प्रवाहाचा गाभा सावकाश थंड होतो. तिथला खडक घट्ट, काळा आणि जड होतो. वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडक सच्छिद्र राहतो. त्या भोकांत पुढे पांढरी-गुलाबी झिओलाइट खनिजं भरतात. नाशिक परिसरातल्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला असेल तर मधल्या मातीचा पट्टा नव्या लाव्ह्याने भाजून विटकरी लाल होतो. सातमाळ्याच्या कड्यांत हा लाल पट्टा उन्हाळ्यात लांबूनही दिसतो.

आता पाऊस, वारा आणि ऊन यांनी या थरांवर लाखो वर्षं काम केलं. घट्ट थर उभ्या भेगांवर तुटतो, त्यामुळे त्याचा कडा होतो. सच्छिद्र थर भुगा होऊन झिजतो, त्यामुळे त्याचा उतार होतो आणि त्यावर माती धरून गवत उगवतं. म्हणून सह्याद्रीचा कोणताही डोंगर पाहिला तर कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार असाच दिसतो. चढणाऱ्याला अडवतो तो कडा. पण घातक बहुधा उतार ठरतो, कारण तिथे माणूस बेफिकीर होतो.

धोडपने या रचनेत आणखी एक भर घातली आहे. साडेचौदाशे मीटरच्या आसपास उंची असलेला हा डोंगर महामार्गावरूनही चटकन ओळखता येतो. मध्ये शिवलिंगासारखा उभा माथा आणि त्याला जोडून पश्चिमेकडे गेलेली सरळ, अरुंद भिंत. त्या भिंतीत एके ठिकाणी आयताकृती खाच आहे. कुणीतरी मोजून कापून काढावी इतकी ती नेटकी दिसते. ही भिंत म्हणजे भूशास्त्राच्या भाषेत डाइक. आधीच्या थरांना उभी चीर पडली, तीत लाव्हा शिरला आणि आतच थिजला. आजूबाजूचे आडवे थर झिजून गेले, उभा कणखर पत्रा तेवढा उरला. पुढे भेगांच्या रेषेवर दगड सुटून पडले आणि खाच तयार झाली. सातमाळ्यातले सुळके आणि शंकू म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीची तोंडं, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. हे झिजेतून उरलेले अवशेष आहेत.

सातमाळा हा पाणलोटाचा कणाही आहे. या रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस गोदावरीच्या खोऱ्यात जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तर उतारावरचा पाऊस गिरणेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला मिळतो. धोडपच्या माचीवर बाटलीतलं पाणी सांडलं तर ते कोणत्या समुद्राकडे जाईल, हे एका पावलाच्या अंतरावर ठरतं.

पायऱ्या कोणी कोरल्या, कोणी फोडल्या

या डोंगरांवर एकट्या माणसाला चढता यावं याची सोय पूर्वीच्या पाथरवटांनी करून ठेवली होती. त्यांनी थरांचा स्वभाव ओळखला होता. जिथे घट्ट थराचा कडा आडवा येतो, तिथेच पायऱ्या कोरल्या. पायरीच्या दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या ठेवल्या. पाण्याची टाकी घट्ट, न झिरपणाऱ्या कातळात खोदली. काही टाक्यांवर खडकाचंच छत ठेवून त्याला खांबांचा आधार दिला, म्हणजे वैशाखातही पाणी कमी उडतं. आडोशाच्या गुहा मऊ थरात खोदायला सोप्या गेल्या. धोडपवर कातळात कोरलेला दरवाजा आहे, फारसी शिलालेख आहे, देवीची गुहा आहे, टाकी आहेत. वर राबता असणाऱ्यांच्या तहानेचा आणि थकव्याचा हिशेब या सगळ्यामागे आहे.

सातमाळ्याच्या इतिहासातल्या दोन मोठ्या घटना भर उन्हाळ्यातल्या आहेत. तेव्हाच्या फौजा पावसाळा टाळूनच मोहिमा काढत, त्यामुळे हे साहजिकच होतं. 10 जून 1768 रोजी, पाऊस तोंडावर आलेला असताना, माधवराव पेशव्यांनी धोडपला आपले चुलते रघुनाथराव यांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, एप्रिल 1818 मध्ये, लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने राजदेहेर घेतला, मग त्र्यंबकगड घेतला. त्र्यंबक पडल्याची बातमी पसरताच परिसरातले सतरा किल्ले लढाईविना इंग्रजांच्या हाती आले.

इंग्रजांच्या ध्यानात आलं, की इथे तटबंदीपेक्षा वाट महत्त्वाची आहे. वाट मोडली की किल्ला आपोआप निकामी होतो. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या अनेक किल्ल्यांच्या कातळपायऱ्या सुरुंगांनी फोडण्यात आल्या. आज राजदेहेरला तुटलेल्या टप्प्यावर लोखंडी शिडी चढावी लागते. कळसूबाई रांगेतल्या मदनगडावर पायऱ्या संपतात तिथून दोर लावावा लागतो. ट्रेकर ज्याला ‘रॉक पॅच’ म्हणतात आणि हातपाय लावून चढण्याचा थरार म्हणून ज्याचे फोटो काढतात, तो कितीतरी ठिकाणी निसर्गाचा नसून 1818 नंतरच्या बारुदाचा आहे. कधीकाळी डोक्यावर ओझं घेऊन माणसं जिथून सहज जात, तिथे आज आपण चार हातपायांवर चढतो.

पायऱ्या शाबूत राहिल्या तर काय फरक पडतो ते त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर किल्ल्यावर दिसतं. तिथली कातळातली उभी पायऱ्यांची रांग पाहून छाती दडपते. पण खोबण्यांत हात घालत, शांतपणे चढलं तर सामान्य माणूसही वर पोहोचतो. याच हरिहरच्या पायऱ्या नसलेल्या बाजूचा सुमारे 170 मीटरचा सरळ कडा डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने नोव्हेंबर 1986 मध्ये चढला. 1975 साली एव्हरेस्टची नैर्ऋत्य भिंत चढून गेलेला हा माणूस. तेव्हापासून त्या कड्याला स्कॉटिश कडा म्हणतात. डोंगर एक, खडक एक. एका बाजूने घरची मंडळी जातात, दुसऱ्या बाजूने जगातला अव्वल गिर्यारोहक लागतो. मधलं अंतर छिन्नी-हातोडीने भरून काढलेलं आहे.

चालणं, चढणं आणि दोर

डोंगरावरच्या हालचालीचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिला, नुसत्या पायांनी जाणं. तिसरा, दोर, मेखा आणि सोबती लागणारं प्रस्तरारोहण. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा आहे, जिथे हात टेकल्याशिवाय वर जाता येत नाही पण दोरही लागत नाही. इंग्रजीतून आलेला ‘स्क्रॅम्बलिंग’ हा शब्द आता आपल्याकडच्या ट्रेकरांच्या तोंडी रुळला आहे तो या मधल्या पट्ट्यासाठी. एकट्याने जाणाऱ्याची हद्द इथे संपते. पट्ट्याची वरची सीमा ओलांडायची असेल तर दुसरा माणूस दोर धरायला हवाच.

धोडपवर हे तिन्ही प्रकार एका दिवसात भेटतात. वडाळीभोईहून डावीकडे वळून धोडांबे आणि मग पायथ्याचं हट्टी गाव. हट्टीहून चढ सुरू होतो. उद्ध्वस्त दरवाजे, बुरुज आणि वाड्यांच्या जोत्यांमधून वाट वर सरकते. हे चालणं झालं. कातळातल्या पायऱ्या, तुटके टप्पे आणि माचीकडे जाणारी अरुंद आडवी वाट इथे हात कामाला येतात. मधला उभा माथा, ज्याला शेंडी म्हणतात, ते प्रस्तरारोहणाचं काम आहे. शेजारचा इखारा सुळका तर सरळसरळ दोरवाल्यांचा. एकट्या माणसासाठी धोडप म्हणजे माचीवरच्या खाचेपर्यंतचा डोंगर. शेंडीकडे त्याने मान वर करून पाहावं आणि माघारी फिरावं.

मधल्या पट्ट्यातले नियम थोडे आहेत. दोन हात आणि दोन पाय, या चारांपैकी तीन कायम खडकावर हवेत. एका वेळी एकच हलवायचा. कोणताही दगड हाताने धरण्याआधी त्याच्यावर चापट मारून पाहायची. पोकळ आवाज आला तर तो मागच्या खडकापासून सुटलेला आहे. बेसॉल्टमध्ये उभ्याआडव्या भेगा असल्याने घडीव चिरा वाटणारा दगडसुद्धा नुसता टेकलेला असू शकतो. असा दगड स्वतःकडे ओढायचा नाही, खाली दाबायचा. शरीराचं वजन पायांवर ठेवायचं. हात तोल सांभाळण्यापुरते. छातीने खडकाला चिकटलं की पायाखालचं दिसत नाही आणि पाय सटकतात, म्हणून अंग थोडं बाहेर ठेवायचं.

उन्हाळ्यात कोरड्या बेसॉल्टवर बुटाची पकड उत्तम बसते. पावसाळ्यात याच खडकावर शेवाळ धरतं आणि तो निसरडा होतो. या बाबतीत वैशाख चढणाऱ्याच्या बाजूने आहे. पण उतारांवर तोच उलटतो. सुकलेलं गवत आडवं पडून गुळगुळीत होतं. त्याखालचा मुरूम ज्वारीच्या दाण्यांसारखा पायाखाली घरंगळतो. हा घसारा चढताना नुसता त्रास देतो, उतरताना पाडतो. उतरताना पायऱ्या उंच वाटल्या तर खडकाकडे तोंड करून, शिडी उतरतात तसं उतरावं. लाज बाळगण्याचं काही कारण नाही.

म्हणूनच जाणते डोंगरभटके एक सोपी कसोटी लावतात. जो टप्पा आपल्याला उतरता येईल याची खात्री नाही, तो चढायचा नाही. वर जाताना डोळ्यांसमोर खडक असतो आणि हाताला पुढची पकड दिसते. खाली येताना पाय आंधळा असतो. त्यात थकवा, तहान आणि उतरत्या दिवसाची घाई. सोबत कुणी असेल तर तो खालून सांगतो, ‘डावा पाय थोडा खाली, हां, तिथे.’ एकट्याला हे सांगणारं कुणी नसतं. त्याने चढतानाच दर थोड्या वेळाने मागे वळून वाट पाहून ठेवायची असते, कारण येतानाची वाट जातानाच्या वाटेसारखी दिसत नाही. ढोरवाटा खास फसवतात. गुरांनी मळलेली पायवाट गवतापर्यंत जाते आणि कड्याच्या तोंडाशी विरून जाते. गुरांचं तेवढंच काम असतं.

ऊन कुणाच्या बाजूने

नाशिकचा अक्षांश सुमारे 20 अंश उत्तर. त्यामुळे मे महिन्याच्या 20-21 तारखेच्या सुमारास सातमाळ्यावर भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. डोंगरावर याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. हिवाळ्यात कड्याच्या उत्तरेला दुपारीही सावली मिळते. मेच्या अखेरीस ती कुठल्याच बाजूला उरत नाही. सावली म्हणून फक्त गुहा, कोरलेला दरवाजा किंवा एखादी कपार.

हवा उंचीबरोबर थंड होते हे खरं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हा सरासरी हिशेब. म्हणजे पिंपळगावात पारा 40 असताना धोडपच्या माचीवर तो पाचेक अंशांनी कमी असू शकतो. पण हा आकडा हवेचा आहे. सकाळपासून तापलेल्या काळ्या कातळाचा नाही. तो हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि चढणाऱ्याला वरून सूर्य, समोरून खडक असा दुहेरी शेक बसतो.

शरीराकडे यावर मुख्य उपाय एकच, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. दख्खनच्या कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो, म्हणून कोकणापेक्षा इथलं ऊन सोसवतं असं वाटतं. फसगत इथेच होते. कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाज येत नाही. उन्हात जोराने चढणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो. त्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ भरून काढलं नाही तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळायला होतं. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जुनं प्रमाण इथेही उपयोगी पडतं. आदल्या रात्री आणि पहाटे ताक पोटात गेलेलं असेल तर उत्तम. टाक्यांवर विसंबू नये. कित्येक टाकी मार्च-एप्रिलमध्ये आटतात, उरलेल्यांतलं पाणी गाळून-उकळूनच पिण्याजोगं असतं. चार-पाच लिटर पाणी म्हणजे पाठीवर चार-पाच किलो ओझं, पण उन्हाळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचं सामान.

उष्माघाताची सुरुवात साध्या गोष्टींनी होते. पायात गोळे येतात, चिडचिड होते, पावलं अडखळतात. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मेंदू नीट काम करेनासा होतो. माणूस बरळतो, भलतीकडे चालू लागतो. सोबत्याला हे लगेच कळतं. स्वतःला कळत नाही, कारण कळण्याचं साधनच बिघडलेलं असतं. उन्हाळ्यात एकट्याने जाण्यातला मोठा धोका हाच. इथे मोजमाप आधीच ठरवलेलं असावं लागतं. पायांत गोळे आले की थांबायचं, सावली गाठायची. डोकं दुखून मळमळलं की डोंगर कितीही जवळ राहिला असो, परत. हे निर्णय हट्टीच्या पारावर थंड डोक्याने घ्यायचे, माचीवर तापलेल्या डोक्याने नाही.

आता चैत्र चतुर्दशीच्या रात्रीकडे पुन्हा पाहू. चतुर्दशीचा चंद्र जवळजवळ पूर्ण असतो आणि मध्यरात्री आकाशात चांगला वर आलेला असतो. कोरड्या, निरभ्र हवेत उघडा कातळ आपली उष्णता भराभर आकाशाला देऊन टाकतो आणि मध्यरात्रीपर्यंत हाताला निवलेला लागतो. वारा थंड असतो. वाट पाठ असेल, तर उन्हाळ्यात या कातळावर जायला यापेक्षा सोयीची वेळ सापडणं कठीण. परंपरेने ही वेळ धर्मासाठी निवडली, पदार्थविज्ञानासाठी नाही. पण दोघांचं जमलं आहे. अर्थात ‘वाट पाठ असेल तर’ ही अट मोठी आहे. वाट पाठ नसलेल्याने रात्री कड्यावर जाणं म्हणजे निव्वळ आत्मघात. त्याच्यासाठी उन्हाळ्यातली योग्य वेळ पहाटेची. उजाडता निघावं आणि साडेनऊ-दहापर्यंत कातळटप्पे उतरून यावं.

मेमध्ये दुपारनंतर आणखी एक संकट येतं. वळवाचा पाऊस. दुपारी ईशान्येला किंवा पूर्वेला ढग जमतात, वावटळ उठते, वीज कडाडते आणि अर्ध्या तासात धो-धो पाऊस. द्राक्षबागायतदार गारांना घाबरतो, चढणाऱ्याने विजेला घाबरायला हवं. उघडी माची आणि लोखंडी शिडी या तेव्हा सर्वांत वाईट जागा. शिवाय कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखालून जाताना गडबड, धूर आणि अत्तर टाळायचं. माश्या उठल्या तर कड्यावर पळायला जागा नसते.

एकटेपणाचा हिशेब

जगात एकट्याने केलेल्या चढायांच्या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. हर्मन बूल 3 जुलै 1953 रोजी नंगा पर्बतच्या माथ्यावर पोहोचणारा पहिला माणूस ठरला, तोही एकटा. परतताना त्याला सुमारे आठ हजार मीटर उंचीवर उभ्यानेच रात्र काढावी लागली. राइनहोल्ड मेसनर 20 ऑगस्ट 1980 रोजी एकट्याने, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय एव्हरेस्टवर गेला. अॅलेक्स होनोल्डने 3 जून 2017 रोजी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनची सुमारे 900 मीटरची भिंत दोराशिवाय चार तासांहून कमी वेळात चढून दाखवली. या चढाईवरच्या चित्रपटात दिसतो तो एकटा माणूस. पण होनोल्डने ती वाट आधी दोर लावून, सोबत्यांसह कितीतरी वेळा चढली होती. कुठे कोणतं बोट ठेवायचं हे त्याने पाठ केलं होतं. दोर त्याने शेवटी काढला. तोवरचं सगळं काम दोराने आणि माणसांनी केलं होतं. बूलही जर्मन-ऑस्ट्रियन मोहिमेने उभारलेल्या छावण्यांच्या मालिकेवरून पुढे गेला होता.

दरेगावचा मानकरी आणि होनोल्ड यांच्यात काही साम्य नाही असं वाटेल. एक देवीसाठी चढतो, दुसरा स्वतःसाठी. एकाची वाट घराण्याने जपलेली, दुसऱ्याची जगजाहीर. पण दोघेही अनोळखी कातळावर एकटे जात नाहीत. अपघात होतात ते याच्या उलट वागणाऱ्यांचे: व्हिडिओ पाहून आलेले, वाट कधी न चाललेले, दुपारी बारा वाजता पायथ्याशी पोहोचलेले, एक बाटली पाणी घेतलेले.

म्हणून सातमाळ्यात एकट्याने जाण्याची सुरुवात दुकट्याने, चौकट्याने करावी लागते. नाशिक आणि मुंबई-पुण्याकडच्या गिर्यारोहण संस्थांबरोबर तोच डोंगर आधी एकदा हिवाळ्यात करावा. कोणता टप्पा आपल्याला उतरताना जड जातो ते पाहून ठेवावं. त्यानंतर उन्हाळ्यात, ओळखीच्या वाटेने, ठरलेल्या जागेपर्यंत. पायथ्याच्या गावात, जिथे गाडी लावली त्या घरी सांगून जावं: ‘दादा, माचीपर्यंत जातोय, अकराला खाली येतो. बारापर्यंत नाही आलो तर बघा.’ घरीही हेच कळवावं. ही दोन वाक्यं कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त कामाची आहेत, कारण मदत निघायची तर आधी कुणाला तरी कळावं लागतं की माणूस परतलेला नाही. फोनला रेंज मिळाली तर 112 आहे. महाराष्ट्रात गिर्यारोहकांनी मिळून बचावकार्यासाठी समन्वय केंद्रही उभं केलं आहे. पण अडकलेल्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचतात ती गावातली माणसं. गुराखी, सरपणाला गेलेल्या बाया, डोंगरावर रोज वावरणारी मुलं. त्यांना वाटा ठाऊक असतात.

त्यांच्याशी आधी बोलावं ते याचसाठी. कोणत्या टाक्यात पाणी आहे, कोणत्या कड्याला मोहोळ लागलंय, गेल्या पावसात कुठे दरड आली, कोणती वाट गुरांची आणि कोणती माणसांची, हे नकाशावर नसतं. हट्टीतला म्हातारा बाबा ते पाच मिनिटांत सांगतो. ऐकून घेणाऱ्याच्या पाठीशी त्या गावाच्या पिढ्यांचं डोंगरज्ञान उभं राहतं, जसं गवळ्यांच्या मानकऱ्याच्या पाठीशी त्याच्या घराण्याचं उभं असतं. विचारायला कमीपणा वाटणारा माणूस मात्र पहिल्या पायरीपासूनच एकटा असतो, आणि तसल्या एकटेपणाला सातमाळ्याचा कातळ सवलत देत नाही.